सायकलवाला सायब

ही गोष्ट मी शंभरदा तरी सांगितली असेल. पानठेल्यावर, लग्नाच्या मांडवात, शाळेच्या मधल्या सुट्टीत. अन् एकदाही पुरी सांगितली नाही. नदीच्या दरीपर्यंत यायचं, तिथं थांबायचं, "मग काय बापा, आलो परत" म्हणायचं अन् चहा मागवायचा. माझी बायको गेली, तिलाही पुढचं ठाऊक नव्हतं. आज सांगतो. तुम्हालाच काऊन, ते मात्र विचारू नका, मलाही माहीत नाही.

मी तसा तोंडाळ माणूस. वर्गातली पोरं मला ‘भोंगा’ म्हणायची, कापसाच्या जिनिंगच्या भोंग्यावरून. बोलायला लागलो की थांबत नाही – अन् या एका गोष्टीवर मात्र दातखीळ बसते. बघा, आताही बसूनच राह्यली आहे.

जमीनदारी नुकतीच गेली होती, जंगल सरकारचं झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा, वरोऱ्याला प्राथमिक शाळेत मास्तर. नवी सायकल घेतली होती, हिरवी, मागं कॅरिअर – अन् डोक्यात भूत शिरलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत एकट्यानं पार बस्तरच्या हद्दीपर्यंत जाऊन यायचं. आई म्हणाली, "वाघ खाईन तुले." मी म्हटलं, वाघाला मास्तर पचत नाही. आई हसली नाही.

चांदा, बल्लारशा, आष्टीला डोंग्यातून वैनगंगा ओलांडली. आलापल्लीच्या पुढं रस्ता म्हणजे नुसती गाडीवाट. वाळल्या सागपानांवरून चाक गेलं की चर्रचर्र आवाज यायचा, अन् सगळीकडं मोहाचा वास – गोड, जड, किंचित आंबूस. त्या वासात पायडल मारत राह्यलं की आपण जागे आहोत की झोपेत, समजत नाही. सूरजागडचे डोंगर सकाळी निळे असायचे, दुपारच्या झळांत दिसायचेच नाहीत, अन् संध्याकाळी बघावं तर अगदी जवळ येऊन बसलेले. काय सांगू तुम्हाला! एवढा सुखी मी आयुष्यात पुन्हा कधी झालो नाही.

अन् त्या सुखातच मी साहेब झालो.

झालो म्हणजे – मी काही ठरवलं नव्हतं. अंगात खाकी हाफपँट, डोक्यावर भाऊजींची मागून आणलेली सोला टोपी, खिशात डायरी. पुढं घरी मिरवायला गावांची नावं लिहून ठेवायचो त्यात. त्या भागात सायकल म्हणजे सरकार. देवीची लस टोचणारा, नाहीतर जंगलखात्याचा, नाहीतर मोजणीवाला – आणखी कोण येणार तिकडं सायकलवर? मी गावात शिरलो की म्हातारे उठून उभे राहायचे. खाट यायची, कोंबडी कापली जायची. पहिल्या गावात मी म्हटलं, "अरे बाबा, मी मास्तर आहे." दुसऱ्या गावात तेच जरा हळू म्हटलं. तिसऱ्या गावात म्हटलंच नाही.

तिकडं एक रीत होती. साहेबाचं सामान गावची माणसं आपल्या शिवेपर्यंत पोचवायची, शिवेवर पुढच्या गावची माणसं उभी असायची, ती उचलायची. एका पैशाविना. जुन्या काळापासून चालत आलेली वेठ, दुसरं काय! मला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. मी शीळ घालत पुढं चालत होतो.

बांडिया नदीच्या दरीत वाट संपली. दोन्हीकडं काळे कातळ, मधून पाणी, सायकल ढकलायलाही जागा नाही. तिथं रैनू भेटला. पुढच्या गावचा प्रमुख, चाळिशीचा, अंगानं सडपातळ. लाकडाच्या कामाला अहेरीकडं जाऊन आलेला, त्यामुळं मराठी बोलायचा. त्यानं माझी सायकल खांद्यावर घेतली अन् दगडांवरून चालू लागला. चाक आपोआप फिरत होतं, टरटर करत. मधेच मागं वळून म्हणाला, "सायब, घोडा मानसावर बसते का मानूस घोड्यावर?" अन् असा हसला की दरी घुमली. मीही हसलो. मला तो माणूस मनापासून आवडला. हे सांगून ठेवतो, कारण ते खरं आहे.

त्याचं गाव दरीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. पंधराएक घरं, शेणानं सारवलेली, इतकी स्वच्छ की चपला काढून चालावं वाटे. खाली नदीचा वाक. बाया मोहफुलं वाळत घालत होत्या, कोणी गोंडीत गुणगुणत होतं. मी खाटेवर पडून ते बघत राह्यलो. वाटलं, जगाला हे ठाऊकच नाही, फक्त मला सापडलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा गाव माझ्यासमोर येऊन बसला. रैनूनं विचारलं. गावामागच्या उतारावर त्यांनी झाडं तोडून वाळत टाकली होती. ती जाळायची अन् पावसाच्या तोंडावर राखेत कोसरी, म्हणजे तिकडचं बारीक भरडधान्य, पेरायची – त्यांचं वर्षाचं पोट त्याच्यावर. पण सरकार आल्यापासून कोणी म्हणे हे बंद, कोणी म्हणे चालते. अन् खाली सडकेजवळ सपाट जमीन वाटून राह्यले होते, धानाची. ज्याला पाहिजे त्यानं पावसाआधी जाऊन नाव लिहायचं, मग नाही.

"आमी खाली जावाव का इथी राहावाव? तुमी सांगान तसं करू."

बायाही काम टाकून थांबल्या होत्या. 

आता सांगा, काय कठीण होतं? "मी साहेब नाही, मला माहीत नाही, तहसिलीत विचारा." एवढं एक वाक्य. पण आदल्या दिवशीची कोंबडी पोटात होती. सायकल त्याच्या खांद्यावरून आली होती. या तोंडानं आता मास्तर म्हणायचं? – हे झालं एक. पण एवढंच असतं तर मी काहीतरी गुळमुळीत बोलून निसटलो असतो. निसटण्यात मी पटाईत.

खरं कारण दुसरं आहे. मला ते गाव तिथंच हवं होतं. नदीच्या वाकावर, मोहाच्या वासात, जसं मी पाह्यलं तसं. ती माणसं सडकेकाठी येऊन चिखलात धान लावताहेत, हे माझ्या डोळ्यांना बरं दिसत नव्हतं. एवढ्यासाठी. ऐकलंत ना? एवढ्यासाठी मी टोपी सरळ केली, डायरी उघडली, पेन्सिलीनं काहीतरी खरडलं अन् म्हणालो, "इथंच राहा. लावा आग. मी वर सांगतो."

रैनूनं कागद मागितला नाही. मीच भीत भीत म्हटलं, लिहून वगैरे... तर तो म्हणाला, "तुमी सगळ्यांसमोर बोलले ना? झालं." तिकडं चार माणसांत बोललेला शब्द मोडत नसत. मला सोडायला पुढच्या शिवेवर अर्धा गाव आला होता.

वरोऱ्याला परतलो तेव्हा चौकात हार घातले मला. ‘वर’ मी कोणालाच काही सांगितलं नाही. कोणाला सांगणार होतो? जुलैत पाऊस धो धो पडत असताना एकदा मनात आलं, पेरलं असेल त्यांनी. अन् मी कूस बदलली.

तीनेक वर्षांनी शाळेच्या कामानं अहेरीला गेलो, हेडमास्तरांबरोबर. बाजाराचा दिवस होता. आम्ही चिंचेच्या ढिगापाशी उभे, अन् कोणीतरी हाक मारली – "सायब! ओ सायब!"

रैनू होता. मागं त्याची बायको, डोक्यावर टोपलं. वाळून गेला होता तो, पण चेहरा असा फुलला, जणू घरचंच कोणी भेटलं. त्यानं धडाधड सांगायला सुरुवात केली. तुमी सांगतलं तशी आग लावली. कोसरी पिकली, लय पिकली. मग जंगलखात्याची मानसं आली, उभं पीक आमच्याच हातानं कापाले लावलं. "मी म्हनलं, मोठ्या सायबानं सांगतलं हाय. थे म्हनत, कोनता सायब? मी म्हनलं, सायकलवाला. थे हासले." खाली नाव लिहायला गेले तर जमीन वाटून झाली होती. गाव फुटलं. हा आता डेपोत लाकडं फोडत होता.

अन् यात कुठं राग असेल तर शपथ! उलट मलाच समजावून राह्यला होता – "तुमी तं वर सांगतलंच असन. कागदच कुठी अडला असन. आता एकडाव सांगा ना सायब, थोडी जमीन अजून भेटन का?"

हेडमास्तर माझ्याकडं वळले. "काय म्हणतो हा, मास्तर? ओळखता का याला?"

नोकरी गेली असती. सरकारी माणूस म्हणून मिरवलो, कदाचित आतही गेलो असतो. हे सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं, अन् मी म्हणालो, "नाही. दुसऱ्या कोणाला समजतो आहे."

रैनू बघत राह्यला. आधी माझ्याकडं, मग हेडमास्तरांकडं, पुन्हा माझ्याकडं. तो भोळा होता असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. सगळं समजलं त्याला, मी डोळ्यांनी पाह्यलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग हेडमास्तरांना हात जोडून म्हणाला, "हो जी. मीच चुकलो. मले वाटलं, सायब हाय."

बायकोनं गोंडीत काही विचारलं. त्यानं उत्तर दिलं, एकच शब्द. काय ते मला कळलं नाही. मग ती दोघं गर्दीतून चालू लागली.

बाजार काही फार मोठा नव्हता. वीसेक पावलं टाकली असती तर गाठला असता मी त्याला. हेडमास्तरांनी चिंचेचा भाव विचारला, तो जास्त आहे असं मी म्हणालो, अन् आम्ही घासाघीस करत तिथंच उभे राह्यलो.