अवनीसाठी टीव्ही सोडला

भावनगरच्या परमानंदभाईंचं टीव्हीशी हाडवैर. जन्मभर एसटी डेपोत सुटे भाग सांभाळलेला माणूस. निवृत्त झाल्यावर झोपाळ्यावर बसून बायकोशी चार गोष्टी बोलाव्यात एवढीच बिचाऱ्याची इच्छा. पण मुक्ताबेन मालिकेत बुडालेल्या. "या डबड्यानं डोक्याचा भुसा होतो, भुसा!" असं ते रोज ओरडायचे. मुक्ताबेन "हं" म्हणून आवाज वाढवायच्या.

मग मालिकेतली अवनी जिन्यावरून पडून बेशुद्ध झाली. सासूनं ढकललं, दुसरं काय! मुक्ताबेन जेवल्या नाहीत. सकाळी आंघोळ करून त्या खोडियारमातेला नवस बोलल्या: अवनी शुद्धीवर आली की राजपऱ्याला तुझ्या देवळात येऊन लापशीचा नैवेद्य दाखवीन, तोवर माझी आवडती वस्तू सोडीन. पण सोडायचं काय? गूळ डॉक्टरांनी आधीच सोडवलेला, तूपही.

"टीव्ही सोडला," त्यांनी जाहीर केलं.

परमानंदभाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण त्या जेमतेम चहा होईपर्यंत टिकल्या.

"अहो, पण ती उठली हे मला कळणार कसं? तुम्ही बघायचं आणि मला सांगायचं."

"मी? अगं, शेजारच्या सविताबेनला विचार ना!"

"ती एका वाक्यात उरकते. शिवाय तुम्हाला टीव्ही आवडत नाही, म्हणजे पापही लागणार नाही."

झालं! संध्याकाळी परमानंदभाई झोपाळ्यावर टीव्हीसमोर, आणि मुक्ताबेन स्वयंपाकघरात कानात कापूस घालून. मालिका संपली की कापूस निघायचा.

"पडून आहे," त्यांनी सांगितलं.

"आणखी?"

"नळ्या लावल्यात."

"आणखी?"

परमानंदभाई चमकले. लग्न झाल्यापासून "पुरे" पुष्कळदा ऐकलं होतं, "आणखी" कधीच नाही. त्यांना चेव आला. अवनी तर नुसती पडलेली, मग त्यांनी पदरचा एक बचुभाई ड्रायव्हर घुसवला. तो औषध घेऊन निघतो आणि सिहोरच्या घाटात गाडीची क्लचप्लेट जाते!

"अरे देवा! मग?" मुक्ताबेनचं लाटणं थांबलं.

मग काय, रोज नवा बिघाड. बचुभाईचं नर्सवर मन बसलं, नर्सच्या बापानं गिअरबॉक्स लपवला. परमानंदभाई दुपारपासूनच पुढचं जुळवत बसायचे. मालिकाही तन्मयतेनं बघायचे. मध्येच पाहुणा आला तर "नंतर या!" म्हणून खेकसायचे.

आणि एका मंगळवारी अवनीनं डोळे उघडले. परमानंदभाई टाळ्या वाजवत उठले आणि धपकन खाली बसले. खरं सांगितलं तर बायको पुन्हा टीव्हीसमोर, आणि आपण पुन्हा "हं"चे धनी!

"पडूनच आहे," ते देवीच्या तसबिरीकडे न बघता म्हणाले.

पण मातेचं वाहन मगर. ट्यूबलाइटमागची पालसुद्धा त्यांना मगरीचं पिल्लू वाटायला लागली, आपल्यावरच नजर ठेवून असलेली. रविवारी मुक्ताबेन बहिणीकडे जाते म्हणून गेल्या आणि डबाभर लापशी घेऊन आल्या. परमानंदभाईंनी दोनदा मागून खाल्ली, तीही पालीकडे पाठ करून.

सोमवारी पाल चुकचुकली आणि त्यांचा धीर सुटला. "मुक्ता, माझं चुकलं गं! अवनी केव्हाच उठली. मी लपवलं."

"ठाऊक आहे. सविताबेननं त्याच दिवशी भिंतीपलीकडून ओरडून सांगितलं. आणि काल तुम्ही चापलीत ती लापशी कुठली वाटली? राजपऱ्याची. नवस फेडून आले मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असता."

परमानंदभाईंचे डोळे भरून आले. मुक्ताबेन पदराला हात पुसत बाहेर आल्या, झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी टीव्ही लावला. अवनी सासूसमोर ताडताड काहीतरी बोलत होती. मुक्ताबेननी रिमोट उचलून तिचा आवाज पार बंद केला.

"हं," त्या म्हणाल्या, "गिअरबॉक्स सापडला का?"