रॅकूनचाचा

चाचा मासा बघत नसत, चाचपत. सौदीत, धाहरानच्या आमच्या मेसमध्ये हमूर माशाच्या तुकड्या पाण्याच्या टोपात, नजर दाराकडे आणि बोटं काटे शोधत. "डोळ्यांना फसवता येतं, बोटांना नाय," हे या रत्नागिरीच्या आचाऱ्याचं ठरलेलं वाक्य.

शुक्रवारी जेवायला येणारा अमेरिकन इंजिनियर त्यांना 'रॅकून' म्हणे. एकदा चाचांनी भर पंगतीत मला विचारलं, "बाबा, ही शिवी हाय काय?"

मी सव्वीस वर्षांचा दीडशहाणा. म्हटलं, "चोर आहे तो, चाचा. डोळ्यांवर काळा पट्टा असलेलं जनावर. लोकांच्या कचऱ्याचे डबे उपसतं."

सगळे हसले. चाचाही हसले आणि हात पुसत आत गेले. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा टोप दिसेना. कालवणात काटे यायला लागले. माफी मागावी असं मला रोज वाटे, पण जीभ रेटत नसे.

मग कुवेतवरून युद्ध पेटलं. ऑफिसातल्यांना विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे मिळाले. मेसवाल्यांचे 'येणार' होते. जेवतानाच भोंगा वाजला, दिवे गेले. मुखवट्याचे पट्टे मला लागेनात, जीव घाबराघुबरा झाला. तेवढ्यात मसाल्याचा वास असलेली ओली बोटं गालांवर आली. चाचांनी अंधारात चाचपून पट्टे ओढले, कानांमागे फट नाही ना ते पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या नाकाला नुसता ओला पंचा होता.

भोंगा थांबल्यावर मी रडतच म्हटलं, "चुकलो, चाचा."

"चोर असंल रे तो. पण उपाशी असंल म्हणूनच डब्यात हात घालतो ना? आपण तरी इकडे कशाला आलो?"

महिनाभराने कफीलाने, म्हणजे सौदी मालकाने, ठेवून घेतलेला पासपोर्ट दिला आणि चाचा गावी गेले. पुढच्या शुक्रवारी इंजिनियर विचारतो, "माझा रॅकून कुठाय?" मी चिडून त्या नावाचा अर्थ विचारला. त्याने लहानपणी रॅकून पाळला होता. म्हणाला, नाव अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी दिलेलं: हातांनी घासणारा, चोळणारा, खरवडणारा. पाण्यात न बघता बोटांनी खाणं ओळखतो. "इतके हुशार हात मी माणसात पाहिले नव्हते."

त्याच दिवशी मी चाचांना पत्र लिहिलं. उत्तर मुलीचं आलं. पत्र पोचायच्या चार दिवस आधी चाचा गेले होते. तिने लिहिलं होतं, "गोऱ्याने ठेवलेलं नाव अब्बांनी सांगितलं होतं. पण अर्थ विचारला की उठून हात धुवायला जायचे."