बेलाचा काटा

देवाकडे मी कधी फुकट काही मागितलेलं नाही. मागायचं तर बदल्यात काय देणार हे आधी सांगायचं, हा माझा शिरस्ता. वांगणीजवळच्या एका पाड्यातून मी अंगावरच्या कपड्यांनिशी अंबरनाथला आलो, कारखान्यात हमाली केली, दुसऱ्यांचं बघून बघून मशीन शिकलो. जे मिळवलं ते भांडून, घासाघीस करून मिळवलं. कॅम्प चारच्या सिंधी बाजारात कापड घ्यायचं असलं की शेजारी मला मुद्दाम सोबत नेत. तिथला सिंधी दुकानदार मला लांबून बघूनच हात जोडायचा, "भाऊ, आज दुकान बंद है!"

त्यामुळे पायाला अपघात झाला तेव्हा दुःखापेक्षा मला राग जास्त आला. भरलेली ट्रॉली उतारावरून सुटली आणि माझी उजवी पोटरी भिंतीशी चेपली गेली. ट्रॉलीचा ब्रेक नीट लागत नाही, हे मी फोरमनला आधीच सांगितलं होतं. त्यानं मात्र वर कळवलं की कामगारानं घाई केली म्हणून अपघात झाला. त्या एका वाक्यानं मी महिनोन् महिने आतून पेटलेला होतो. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, आजारपणाचा भत्ता चालू होता. मग बोलावणं आलं. ठाण्याला डॉक्टरांच्या मंडळासमोर हजर व्हायचं. पाय कायमचा अधू ठरला तर भरपाई आणि बसून करायचं काम मिळणार होतं. बरा ठरला तर भत्ता बंद, आणि पुन्हा तीच ट्रॉली.

मी बाजाराच्या हिशेबानं तयारीला लागलो. दुप्पट सांगायचं, म्हणजे कापून कापून ते निम्म्यावर येतील. बायकोला समोर बसवलं आणि म्हटलं, "तू डॉक्टर हो." तिनं पदर खोचला, माझा गुडघा हलकेच वाकवला. मी असा ओरडलो की शेजारीण दारात आली.

"अहो, बाळंतपणातसुद्धा कोणी एवढं ओरडत नाही," बायको म्हणाली. "डॉक्टरांनी काय खरं दुखणं कधी बघितलं नाही?"

"तुला काय कळतंय? पहिला भाव चढाच सांगायचा असतो."

"मग सांगा. मला तर हसू येतंय."

खरं म्हणजे गुडघा फारसा दुखत नव्हता. पायाचं खरं दुखणं वेगळं होतं, आणि ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. माझ्या उजव्या तळव्याला काही कळत नव्हतं. चालता चालता चप्पल निघून मागे राही आणि मी चार पावलं पुढे गेल्यावर लोक हाक मारत. म्हणून मी ती सुतळीनं पायाला बांधत असे. बायकोनं विचारलं तर म्हणायचो, चपलेचा अंगठा तुटलाय. का लपवलं? आमच्या पाड्यावर एका माणसाच्या पायाला असंच कळेनासं झालं होतं. लोकांनी महारोग म्हणून त्याला रानाच्या कडेला झोपडी घालून दिली आणि त्याच्या बायकोला तिचे भाऊ घेऊन गेले. मी तेव्हा लहान होतो, पण ती बाई मागे वळून वळून बघत गेली, ते मला आठवत होतं. माझंही तेच असेल, ही भीती मी कोणाजवळ बोललो नाही, देवाजवळसुद्धा नाही.

मंडळाच्या आदल्या दिवशी सोमवार होता. मी एकटाच अंबरनाथच्या शिवमंदिरात गेलो, अर्थात सौदा करायला. पूर्ण अधू ठरलो तर अभिषेक, अर्धा ठरलो तर नारळ, असं मनात पक्कं करूनच आलो होतो. ज्यांनी ते देऊळ पाहिलंय त्यांना माहीत आहे, पिंडी खाली आहे आणि गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की डोळ्यांपुढे अंधार. पायऱ्या पाण्यानं ओल्या. चप्पल बाहेर काढलेली. डोळ्यांना दिसेना, पायाला कळेना. उजवा पाय खालच्या पायरीवर टेकलाय की अधांतरी आहे, हेच मला समजेना. मी भिंत धरून उभा राहिलो. मागून माणसं म्हणू लागली, "चला हो, पुढं चला." आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस करायला माझ्याजवळ काही नव्हतं.

तेवढ्यात दर्शन घेऊन वर येणारी एक म्हातारी माझ्याजवळ थांबली. सिंधी असावी, बोलण्यावरून वाटलं. तिनं माझ्या मनगटाला धरलं आणि म्हणाली, "बैठ, पुट, बैठ बेटा. बैठके उतर. भगवान के घर में क्या शरम." मी, ज्यानं कधी कोणाचं ऐकलं नाही, तो पायरीवर बसलो आणि लहान मुलासारखा एकेक पायरी सरकत खाली गेलो. ती सोबत पुन्हा खाली आली. समईच्या उजेडात तिचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं.

"खून है. बेल का काँटा घुसा है, इतना बड़ा. दुखता नहीं?"

मी मान हलवली. दुखत नव्हतं, तो कधी घुसला तेही माहीत नव्हतं. आता ही हात मागे घेईल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं माझा तळवा मांडीवर घेतला, नखांनी काटा उपटला आणि ओढणीच्या टोकानं रक्त पुसलं. "डॉक्टर को बताया?" मी पाय ओढून घ्यायला लागलो. "बता दे," ती म्हणाली. "छुपाएगा तो पाँव जाएगा." पिंडीला हात लावून ती वर निघून गेली. मी तिथंच बसलो. अभिषेक, नारळ, काहीच आठवेना. नुसतं म्हटलं, देवा, मला भीती वाटते. बाहेर आलो तेव्हा ती कुठे दिसली नाही. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. शेकडो म्हाताऱ्या दर्शनाला येत होत्या, त्यांतलीच एक असेल.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चुलीतला निखारा तुमच्या पायावर पडला होता, तेव्हाच मला कळलं. तुम्ही पाय हलवला नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"आणि भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण जाऊ कुठं?" मग तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "आणि कशाला जाऊ?"

दुसऱ्या दिवशी ती ठाण्याला सोबत आली. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, मी ओरडलो नाही. म्हटलं, हा थोडाच दुखतो, साहेब, पण तळव्याला कळत नाही. मंडळातल्या तिघाही डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. मोठ्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगून टाचणी लावली, कातडीवरचे डाग शोधले, गुडघ्यामागे, घोट्याजवळ चाचपलं. मी श्वास धरून पडलो होतो. शेवटी ते म्हणाले, "पोटरी चेपली तेव्हा संवेदनेची शीर गेली. दुसरं काही नाही. हे आधीच का नाही सांगितलंत?" भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं तिथंच हात जोडले.

पाय कायमचा अधू ठरला. भरपाई मी धरून चाललो होतो त्याहून कमी मिळाली, पण भांडार खात्यात बसून करायचं काम मिळालं. फोरमनचं ते वाक्य कागदावर आजही तसंच आहे आणि माझा रागही पुरता गेलेला नाही. खोटं कशाला सांगू? तो मी रोज देवापुढे ठेवतो, आणि रोज थोडा उचलून परत आणतो.

डॉक्टरांनी बजावलं होतं की तळवा रोज कोणीतरी बघायला हवा, जखम झाली तर याला कळणार नाही. तेव्हापासून कामावरून आलो की बायको माझा पाय मांडीवर घेते, दिव्यापाशी धरते आणि बोटं फिरवून बघते. पहिले काही दिवस मी संकोचानं पाय ओढून घ्यायचो. आता निवांत पडून राहतो. तिची बोटं तळव्यावर फिरतात ती मला जाणवत नाहीत. पण ती फिरत असतात. देवाचा हातही असाच असावा, असं वाटून मी डोळे मिटतो.