भाजीसाठी भरलेली हवा

ज्याला गाडीतलं काही कळत नाही, तो आधी टायरला लाथ मारतो. आमचे थोरले दीर रोज सकाळी मारायचे. चारही टायरांना एकेक. अंगठा झणझणला की खूश! "दगड आहे नुसता दगड," म्हणायचे, आणि मग गाडीत भाजीच्या गोण्या चढवायचे.

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही अंधेरीच्या पूर्वेकडच्या गावठाणातले, ख्रिस्ती, पण बोलणं मराठी आणि धंदा शेतीचा. मुळा, भेंडी, लाल माठ, जे पिकेल ते दीर गाडीतून बाजारात न्यायचे. गाडी जुनी, विलायती. साधे टायर गोण्यांच्या वजनाने फाटतात म्हणून त्यांनी मागच्या चाकांना सहा प्लायचे टायर चढवले होते, टेम्पोला घालतात तसले जाड. त्यात हवा अशी ठासून भरायची की टायरवर हात मारला तर हातच दुखावा. गोण्या भरलेल्या असल्या की गाडी झकास चालायची, ते मी नाकारत नाही. वजनाने टायर जरा बसायचा, रस्ता धरायचा. पण गोण्या उतरल्या की तीच गाडी शेळीसारखी उड्या मारायला लागायची. खड्ड्यातून बाहेर येताना मागची चाकं हवेत, आणि खाली टेकायची ती भलतीकडेच. दीर म्हणायचे, रस्ताच बेकार आहे. नाचता येईना अंगण वाकडं!

आणि एकदा भरलेली हवा सोडायची नाही, हा घरचा कायदा. सासऱ्यांपासून चालत आलेला. हातपंपाने घाम गाळून भरलेली हवा फुकट घालवली तर घराची बरकत जाते म्हणे. बरकत काय टायरमध्ये बसते? पण विचारायचं कोणी?

मला हे सगळं कळायचं, कारण माझा बापूस ट्रॉम्बेला एका कारखान्याची गाडी चालवायचा. सुट्टीच्या दिवशी मिठागरांच्या कच्च्या रस्त्यावर त्याने मला चाक हातात दिलं होतं. लग्नाआधीच लायसन काढलं मी. सासरी आल्यावर ते पेटीत लुगड्यांच्या खाली गेलं. दोन बाप्ये घरात असताना बाईने गाडी चालवली तर गाव हसेल, असं दिरांचं म्हणणं. माझा नवरा अशा वेळी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा.

माझी थोरली जाऊ मात्र सोन्यासारखी बाई. मी तिला बाय म्हणायचे. लग्नाला बरीच वर्षं होऊन पोर नव्हतं. एकदा दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात दुखायला लागलं तेव्हा दिरांनी तिला ह्याच गाडीतून हॉस्पिटलात नेलं. मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ती प्रत्येक खड्ड्याला माझ्या मनगटात नखं रुतवत होती आणि तोंडातून आवाज काढत नव्हती, नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून. पोर गेलं. डॉक्टर म्हणाले, धक्क्यांनीच गेलं असं नाही, कशानेही गेलं असतं. असेल. डॉक्टर शहाणे. पण ते त्या गाडीत नव्हते, मी होते.

पुढे पुन्हा दिवस गेले. आगेरा, म्हणजे आमचा नव्या भाताचा सण, तोंडावर आला होता. पावसाने रस्त्याची पार वाट लावलेली. आणि एका दुपारी बायला रक्त दिसलं. गावातले डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, "आत्ताच्या आत्ता बांद्र्याला हलवा. झोपवून न्या. आणि धक्के बसू देऊ नका, कळलं?" गावात फोन एकाच दुकानात, तो बंद पडलेला. टॅक्सीवाले आमच्या रस्त्याचं नाव काढलं तरी मीटर पाडत नसत. राहिली ती गाडी.

दीर धावत गेले ते हातपंप घेऊन आले! माणूस घाबरला की हात सवयीचंच काम करतात. आधीच दगड झालेल्या टायरात ते आणखी हवा भरायला बसले. मी ओट्यावरून ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. खाली उतरले, पंपाची नळी ओढून काढली, केसातला आकडा घेतला आणि वॉल्व्हची पिन दाबून धरली. फुस्स!

"अगं ए! वेड लागलं का तुला?" दीर ओरडले. "टायर फाटेल ना!"

"टायर फाटला तर दुसरा मिळतो, भावजी."

 शेजारपाजारचे जमले होते, ते बघत राहिले. मी मागच्या दोन्ही टायरांची हवा भरपूर सोडली. जाड टायर, त्यामुळे भीती नव्हती. पुढचे मात्र झिजलेले, पातळ. त्यांची जास्त सोडली असती तर खड्ड्याच्या कडेला रिम आपटून ट्यूब चिमटली असती, म्हणून तिथे जराशीच. टायर खाली फुगलेला दिसला तेव्हा हात काढला.

"ही असली बसकी गाडी चालवणार कोण?" दिरांनी विचारलं.

"मी."

"काय चाललंय हे!" आता ते नवऱ्याकडे वळले. "तुझी बायको आहे ना? सांग तिला काहीतरी!"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता ह्याने तोंड उघडलं आणि भलतं बोलला, तर ह्याचं जेवण बंद. तो म्हणाला, "दादा, बायला उचलायला हात लाव." बस, एवढंच. पण त्या एवढ्याशा वाक्यासाठी मी त्याला पुढची कितीतरी वर्षं माफ करत आले.

बायला मागे गाद्यांवर झोपवलं, दीर तिच्या पायाशी बसले. मी गाडी काढली. स्टिअरिंग जड, घट्ट भिजवलेल्या पिठात हात घातल्यासारखं. पण पहिला खड्डा आला आणि गाडी उडाली नाही. टायरने दगड पोटात घेतला आणि गाडी पुढे गेली. मी आरशात पाहिलं. बायने डोळे मिटले होते, हात पोटावर, मुठी सैल.

फुकट मात्र काहीच नसतं. नाल्यावरच्या वळणाला मागचा भाग चांगलाच डुलला. मऊ टायर सरळ रस्त्यावर गुणी, वळणावर आळशी. मी वेग आणखी उतरवला. मागून ट्रकवाला हॉर्न बडवायला लागला, शिव्या द्यायला लागला. दे बाबा दे! तुझ्या गाडीत विटा आहेत, माझ्या गाडीत पोर आहे. डांबरी रस्त्याला लागल्यावरही मी वेग वाढवला नाही, कारण कमी हवेचा टायर पळवला की तापतो. दीर मागून म्हणाले, "आता तरी दाब ना जरा." मी पाय होता तिथेच ठेवला. देवा सायबा, एवढं पोहोचव, एवढंच मनात.

पोहोचलो. हॉस्पिटलात बायला पुढचे सगळे दिवस पलंगावर झोपवूनच ठेवलं. पोरगी झाली, ठणठणीत, आणि रडणं असं की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जावं. गावात दिरांनी सगळ्यांना सांगितलं, देवाची कृपा. माझं नाव कुठेच नाही. राग आला का? आला की! का येऊ नये?

घरी आणायच्या दिवशी मी आधीच बायजवळ होते. दीर गाडी घेऊन आले. पांढरी पँट, इस्त्रीचा शर्ट, चर्चला जाताना घालायचे ते बूट. गाडी धुतलेली, पुसलेली. आणि चारही टायर कसे? टणक! बायकोला न्यायचंय, म्हणून आवर्जून भरून आणले होते.

माझ्या जिभेवर आलंच होतं. पण बाय माझ्या आधी पायरीवर थांबली. लग्न झाल्यापासून नवऱ्यासमोर तिने आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशीही चढवला नाही.

"आधी हवा सोडा," ती म्हणाली.

"इथं? एवढ्या लोकांसमोर?"

"पहिल्या वेळी मी ओरडले नाही. पोरगी माझ्यासारखी गप्प बसायची नाही. सोडा हवा."

दिरांनी आजूबाजूला पाहिलं. नर्स पाहत होत्या, वॉचमन पाहत होता. मग पांढरी पँट सावरत ते चाकाजवळ उकिडवे बसले, खिशातून काडेपेटीची काडी काढली आणि पिन दाबली. बाय पोरीला घेऊन पायरीवर उभी होती, आणि ती "बस" म्हणेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.