घरचं बूच

लहानपणी शेतात पाण्याचा पाट फुटला, की बाबा माती आणेपर्यंत ती त्या भगदाडात फतकल मारून बसायची आणि पाणी अडवायची. म्हणून घरात तिचं नावच पडलं, बूच. यंदा ती कॉलेजातून सुट्टीला आली, तर बाबांनी तिच्यासाठी बांधावर चक्क खुर्ची मांडली. आपल्याच शेतात आपण पाहुणे झालो, हे तिला फार लागलं.

तेवढ्यात पाट फुटला. बाबा फावडं आणायला धावले आणि ही नव्या पँटसकट चिखलात बसली!

"अगं, कॉलेजात हेच शिकवतात का?"

"तुम्ही आधी माती आणा!"

बाबांनी हसू दाबत माती ओढली. "बूच मोठं झालंय गं. आता थेंब सुटत नाही."

त्या दिवशी खुर्चीवर जेवणाचा डबा तेवढा बसला.