भाताच्या गवताचं अंथरूण

वीसेक वर्षं मी बेळगावात फौंड्रीत राबतो आहे. साच्याची काळी वाळू नाकात, कानात, डब्यातल्या भाकरीवरसुद्धा. त्यामुळे बायकोला दमा जडला तेव्हा गुन्हेगार शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझ्याच अंगावरून तो घरात येत होता. दाराबाहेर शर्ट झटकून मी आत जायचो आणि तिची नजर चुकवायचो.

उपाय सोपा वाटला. शनिवारी दुपारी सुट्टी झाली की तिला घेऊन बेळगुंदीला, माझ्या गावी. तिथं थोरला भाऊ शेती करतो. ना चिमणी, ना धूर. वहिनी आमच्यासाठी भाताच्या गवताचं अंथरूण घालायची, खाली वीतभर गवत आणि वर घोंगडं. आमच्याकडं पाहुण्याचे लाड असेच करतात. भिजून पुन्हा वाळलेल्या त्या गवताला एक कुबट, गोडसर वास असतो. तो मी छाती भरून घ्यायचो आणि तिलाही घ्यायला लावायचो. "घे की गं, औषध हाय हे." ती मुकाट्यानं घ्यायची.

सोमवारी तिची छाती वाजायला लागायची. मी म्हणायचो, आली बघ कारखान्याची हवा आडवी. मग तर मी कहरच केला. पोतंभर गवत बेळगावला आणून तिच्या गादीखाली पसरलं. चार दिवसांत तिला दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला.

ती जरा सावरल्यावर काही दिवसांनी, ॲलर्जी कशाची ते बघायला, डॉक्टरांनी तिच्या हातावर औषधाचे थेंब टाकून टोचून पाहिलं. दोन लाल गांधी उठल्या. एक पडीक जागेत माजणाऱ्या काँग्रेस गवताच्या परागांची, दुसरी बुरशीची. "ओलसर गवतात ही बुरशी धरते, तिचे कण श्वासाबरोबर आत जातात. कारखान्याची धूळ वाईटच, पण घरात गवत, पेंढा असं काही असतं का?" त्यांनी विचारलं. मी चपलांकडे बघत बसलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाहेर बाकावर तिला म्हणालो, "गावात तरास व्हतोय हे कळत न्हवतं व्हय गं तुला?"

"कळत हुतं की."

"मग बोलली का न्हाईस?"

ती दमली होती. थांबत थांबत म्हणाली, "तुमी आठवडाभर खोकताय. तितं गेलं की खोकत न्हाईसा. मी न्हाय म्हटलं असतं तर तुमी एकटं गेला असता व्हय?"



गादीखालचं गवत त्याच दिवशी काढून टाकलं. आता दर शनिवारी ती माझ्या एकट्याची पिशवी भरून दारात ठेवते. मी ती उचलून पुन्हा आत ठेवतो. त्यावरून आमचं भांडण होतं, पण दोघांनाही धाप लागते, म्हणून ते लवकर मिटतं.