कागदाच्या घडीवरचा बांध

माझा मॉनिटर इतका जुना होता की त्याच्यासमोर बसलं की मला आपण अजून तरुण आहोत असं वाटायचं. उजव्या कडेला बोटभर हिरवा पट्टा उमटला होता आणि त्या पट्ट्याखाली अर्धा कन्नड तालुका बुडाला होता. मी फुगवून सांगतो असं घरात सगळे म्हणतात. बरं, पाव तालुका.

काम माझं नकाशांचं. निजामाच्या काळातले गावनकाशे, कापडावर चिकटवलेले, उर्दू अक्षरांचे. ते स्कॅन होऊन माझ्याकडे येतात आणि त्यातला एकेक बांध, ओढा, गाडीवाट माउसनं गिरवून मी कंप्युटरमध्ये पक्की करतो. एका ठेकेदाराच्या ऑफिससाठी, घरी बसून. ऐकायला ऐटबाज वाटतं. प्रत्यक्षात रोज दहा तास परक्या शेतांच्या कडेकडेनं चालायचं आणि पायांऐवजी डोळे झिजवायचे. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. माझ्या डोळ्यांना रोज यायचं, तेही पूर्ण दाबानं.

एक दिवस ऑफिसमधल्या तपासणीच्या मॅडमचा फोन आला.

"तुमच्या रेघा थरथरायला लागल्यात," त्या म्हणाल्या. "दोन नकाशे परत आलेत. तिसरा आला तर काम दुसऱ्याला द्या म्हणून वरून सांगितलंय. नवा स्क्रीन तरी घ्या हो."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला या शहरात दुसरं घरबसल्या काम कोण देतं? स्क्रीन घ्यायचा ठरला.

अडचण अशी की मॉनिटरचे मालक दोन होते. दुसरे मालक आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांनी उभी हयात एसटी चालवली. अजिंठ्याचा घाट त्यांना एवढा पाठ, की वळणं त्यांना बघून रस्त्यावर यायची. निवृत्तीनंतर कुणीतरी त्यांना बस चालवायचा गेम दाखवला आणि अण्णा दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ड्युटीवर रुजू झाले. मी जेवून आडवा झालो की ते खुर्चीत. खाकी शर्ट घालूनच बसतात असं मी पाहुण्यांना सांगतो. ते खोटं आहे, पण पाहुण्यांना पटतं.

"मला बारीक रेघा दिसल्या पाहिजेत," मी म्हणालो.

"अन् मला वळणावर झाडं फरफटलेली चालत नाय," अण्णा म्हणाले. "प्याशिंजराला उलटी हुती."

मग मी व्हिडिओ बघायला बसलो. जगात मॉनिटरवर बोलणारी जितकी माणसं आहेत तितके मॉनिटर नसतील. एक म्हणायचा फोर-केशिवाय जगणं व्यर्थ. दुसरा म्हणायचा सत्तावीस इंचात फोर-के घेणं शुद्ध वेडेपणा, अक्षरं मुंगीएवढी दिसतील. तिसरा रिफ्रेश रेटवर तासभर बोलला. एका सेकंदात चित्र साठ वेळा बदलतं की एकशे पासष्ट वेळा, यावरून माणसं एकमेकांची लायकी काढत होती. तीन आठवडे मी हे ऐकलं, आणि तेही त्याच हिरव्या पट्ट्याच्या स्क्रीनवर. शेवटी मला स्वप्नातसुद्धा हर्ट्झ दिसायला लागले, तेव्हा अण्णांना रिक्षात घातलं आणि औरंगपुऱ्यातल्या कंप्युटरच्या दुकानात गेलो.

दुकानदार माझ्याच वयाचा, पांढरी दाढी, तोंडात सुपारी. मी त्याला सगळी कथा सांगितली. त्यानं अर्धीच ऐकली. आतून दोन मॉनिटर आणून शेजारी शेजारी लावले. एक सपाट, फोर-के, म्हणजे ठिपके बारीक आणि भरपूर, पण साठ हर्ट्झचा. दुसरा कमानीसारखा वाकलेला, ठिपके कमी, पण एकशे पासष्टचा.

"चाचा, तुम पहले चलाओ," तो अण्णांना म्हणाला. "डिझेल दुकान का है."

अण्णांनी वाकलेल्या स्क्रीनवर बस काढली. काय चालवली म्हणून सांगू. झाडं सरळ उभी, वळणं लोण्यासारखी. दुकानातली चार गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून मागं येऊन उभी राहिली. एका बाईंनी तर नकळत समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"हाच घ्यायचा," अण्णा म्हणाले.

"थांबा जरा, अण्णा. माझं अजून राहिलंय."

मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात पिशोरकडच्या एका गावचा नकाशा होता, मूळ स्कॅन आणि त्यावर मी गिरवलेल्या लाल रेघा. मुद्दाम तोच आणला होता, कारण तो त्याच दिवशी सकाळी तपासणीत पास झाला होता. बऱ्याच दिवसांनी मॅडमनी 'छान' असा शब्द वापरला होता, आणि माणसाला आपलं छान काम मोठ्या स्क्रीनवर बघावंसं वाटतंच.

वाकलेल्या स्क्रीनवर नकाशा छान दिसला. मग दुकानदारानं तो फोर-केवर टाकला.

घरी मी नकाशा नेहमी वीतभर बघायचो. लहान स्क्रीनवर अख्खा कागद आणला तर नुसता खरकटा डाग दिसायचा. म्हणून मोठा करून, तुकड्या-तुकड्यानं, एक शेत संपलं की पुढचं. इथं पहिल्यांदा अख्खं गाव एकदम समोर आलं, आणि तरी प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. मंदिर, विहीर, आंब्याचं झाड. मी खूश होऊन दुकानदाराला ओढा दाखवायला बोट नेलं, आणि बोट तिथंच राहिलं.

एक फिकट रेघ कागदाच्या डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत सरळ गेली होती. ती ओढ्यातून गेली होती. गावठाणातल्या घरांतून गेली होती. शिवेबाहेर, कोऱ्या समासातसुद्धा गेली होती. आणि मधेच, दोन खऱ्या बांधांच्या दरम्यान, त्याच रेघेवर माझी लाल रेघ बसली होती. सुरेख, अजिबात न थरथरणारी.

"ये क्या है?" मी विचारलं. मला कळलं होतं. तरी विचारलं.

दुकानदारानं चष्मा वर केला. "साहब, ये तो घडी है. कागद चार घडी करके रखा था. हमारे अब्बा जिल्दसाज थे, किताबें बांधते थे, ऐसे नक्शे बहुत आते थे उन के पास. ये देखो, इधर भी वैसीच है." त्यानं उभी घडी दाखवली. ती मी बरोबर ओळखून सोडली होती. आडवी फसवून गेली.

म्हणजे कुणीतरी साठ-सत्तर वर्षांपूर्वी दुपारच्या घाईत नकाशा घडी घालून कपाटात कोंबला, आणि मी त्या घडीवर बांध घातला. एका शेताची दोन शेतं केली. तिथं आज कोण कसतं मला माहीत नाही. दोन सख्खे भाऊ एकत्र कसत असतील तर उद्या सरकारी कागद त्यांना सांगणार होता की तुमच्यात पूर्वीपासून बांध आहे. भावांना तेवढं पुरतं.

नकाशा पास झाला होता. कुणाला काही कळलं नव्हतं. मी गप्प राहिलो तर काम टिकत होतं. बोललो तर हा तिसरा नकाशा. आणि बाजूला तो वाकलेला मॉनिटर, ज्याच्यावर हीच रेघ इतकी पुसट होती की मलाही दिसली नव्हती. मला खरंच तो घ्यावासा वाटला. एवढा थकलो होतो की न दिसणं ही सोय वाटायला लागली होती.

मी खाली बसलो. दुकानदारानं न विचारता चहा सांगितला. अण्णा कपाकडे बघत म्हणाले, "एकदा फर्दापुराच्या पुढं मी चुकीच्या फाट्यावर गाडी घातली हुती. गाडी भरलेली. सारे झोपलेले. तीन-चार मैल गेल्यावर ध्येनात आलं."

"मग?"

"मग काय. एका शेतात घालून वळवली."

"लोकांना कळलं?"

"न्हाय. कंडाक्टरबी घोरत हुता."

"मग बरं झालं की."

"मी उठवलं साऱ्यांना. सांगितलं, चुकलो, अर्धा तास उशीर हुईल. लई बोलले. एक म्हातारी तर उतरेपर्यंत बोलत हुती." अण्णांनी चहा बशीत ओतला. "उगाच उठवलं असं अजून वाटतं कधी कधी."

हे सांगून त्यांनी मला काही शिकवलं असं समजू नका. ते लगेच दुकानदाराला विचारायला लागले की वाकलेल्यावर काही सूट बसते का.

मी सपाट घेतला. परत येताना रिक्षात अण्णांनी खोका माझ्याच मांडीवर ठेवला. घरी जोडल्यावर त्यांनी बस काढली. आमचा कंप्युटर म्हातारा, एवढे ठिपके त्याला ओढवेनात, आणि बस बैलगाडीच्या चालीनं निघाली. अण्णांनी पहिल्याच थांब्यावर ती उभी केली आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमना फोन लावला. तोंड न धुता लावला, कारण तोंड धुतलं असतं तर विचार बदलला असता.

"मॅडम, काल पास केलेला नकाशा चुकलाय. मीच चुकवलाय. घडीवर बांध काढलाय."



"मी पण बघितला होता तो," त्या हळूच म्हणाल्या. "मला पण नाही दिसली." त्यांच्याकडचा स्क्रीनही माझ्या जुन्यासारखाच असणार, हे मला तेव्हा सुचलं. "आता वर काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा."

"तुमचं सांगितलं की माझंही येतंच." त्यांनी कसलीशी यादी उघडली. "याआधीचे किती आहेत तुमचे?"

"चाळीस-एक असतील."

"सगळे परत बघून द्या. वरचं बघते मी. दुसऱ्याकडे दिले तर तोही जुन्याच स्क्रीनवर बघणार. महिना घ्या. जास्तीचं काही मिळणार नाही, आधीच सांगते."

काम राहिलं म्हणायचं. मी खुर्चीत बसलो आणि पहिला नकाशा उघडला. अख्खं गाव समोर पसरलं, आणि मी डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत नजर नेली. पहिला चांगला निघाला. दुसरा चांगला निघाला. तिसऱ्यात रेघ सापडली, सरळ, मारुतीच्या देवळातून आरपार गेलेली, आणि तिच्यावर माझा लाल बांध.

मी फोन उचलला. "मॅडम, अजून एक."

"तुम्ही असा प्रत्येक नकाशाला फोन करणार का?"

"तसंच दिसतंय."

त्यांनी उसासा टाकला. "मग नुसता मेसेज टाकत जा," त्या म्हणाल्या. "गावाचं नाव आणि नंबर. बाकी काही लिहू नका."